पुअर काय?

आठवीच्या सहामाहीत मी इंग्रजीच्या पेपरात एक गरीब आणून दाराशी उभा केला होता. भाषांतराचा प्रश्न होता आणि मराठी वाक्य सरळ होतं : ‘एक गरीब दाराशी आला.’ मी तितकंच सरळ इंग्रजी केलं : ‘अ पुअर केम टु द डोअर.’ ‘कम’चं ‘केम’ केलं होतं, दाराआधी ‘द’ही आठवणीने घातला होता. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असे, त्यामुळे तीन वर्षांच्या अनुभवावर इतकं बिनचूक वाक्य म्हणजे माझ्या मते नोंद घ्यावी असा प्रकार होता. सरांनी नोंद घेतली. पेपर हातात आला तेव्हा ‘पुअर’भोवती लाल शाईचं गोल कुंपण आणि शेजारी टपोऱ्या अक्षरांत प्रश्न : ‘पुअर काय?’

मी उभा राहिलो. “सर, पुअर काय म्हणजे?”

“तेच तर मी तुला विचारतोय. पुअर काय? पुअर मॅन? पुअर काऊ? की पुअर तुझं इंग्रजी?”

वर्ग हसला. त्या वयात हसायला गाय पुरायची. मग सरांनी समजावून सांगितलं की पुअर हे विशेषण आहे आणि विशेषणाला मागे नाम लागतं. “नुसत्या मुंडावळ्या मांडवात आल्यात. नवरदेव कुठाय?”

मला पटलं. पण पुढच्याच आठवड्यात त्याच सरांनी त्याच फळ्यावर लिहिलं : ‘द रिच शुड हेल्प द पुअर.’ मी वाक्य दोनदा वाचलं. रिचमागे कोणी नव्हतं. पुअरमागेही कोणी नव्हतं. एका मांडवात दोन-दोन मुंडावळ्या, आणि नवरदेव एकही नाही. मी हात वर केला.

“सर, पुअर काय?”

सरांनी खडू टेबलावर ठेवला. खडू ठेवला की हात मोकळा होतो, एवढं आम्हाला माहीत होतं. पण सर शांतपणे म्हणाले, “तिथे ‘द’ आहे.”

“मग मी ‘द पुअर केम टु द डोअर’ लिहिलं असतं तर?”

“तर तुझ्या दाराशी जगातले सगळे गरीब आले असते. परवडलं असतं का?”

इंग्रजी व्याकरणातला हा नियम इतक्या थोडक्यात आणि इतका स्पष्ट मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचला नाही. इंग्रजीत विशेषणाला नाम व्हायचं असेल तर दारावर ‘द’ नावाचा दरवान आहे, त्याच्या परवानगीनेच आत जाता येतं. आणि हा दरवान एकट्यादुकट्याला सोडत नाही, अख्खी बस भरून आणा म्हणतो. ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक, ‘द सिक’ म्हणजे आजारी लोक, ‘द ओल्ड’ म्हणजे म्हातारी माणसं, ‘द अनएम्प्लॉइड’ म्हणजे सगळे बेकार. क्रियापद अनेकवचनी येणार, पण अनेकवचनाचा ‘एस’ मात्र लावायचा नाही. ‘द पुअर्स’ म्हटलं की पुन्हा लाल कुंपण. म्हणजे गर्दी जमवायची, पण गर्दी आहे असं अंगावर दिसू द्यायचं नाही. इंग्रजीत एकट्याने गरीब असणं व्याकरणात बसत नाही. गरिबी सोसायची तर सामुदायिक.

आपल्याकडे असला दरवान नाही. मराठीत नाम उठून गेलं, तर जाताना आपले प्रत्यय मागे ठेवून जातं आणि विशेषण ते वारसाहक्काने अंगावर घेतं. ‘शहाण्या माणसाला’ यातला माणूस निघून गेला की त्याचा ‘ला’ शहाण्याकडे येतो आणि ‘शहाण्याला’ तयार. शहाणी असेल तर शहाणीला, चार असतील तर शहाण्यांना. लिंग, वचन, विभक्ती, सगळी मालमत्ता सातबाऱ्यासकट नावावर होते. म्हणून तर आपल्या निम्म्या म्हणींमध्ये माणूस हा शब्दच सापडत नाही. शहाण्याला शब्दाचा मार. गरजवंताला अक्कल नसते. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, आणि इथे तर दळणारा पुरुष की बाई हेही सांगायची आपण तसदी घेतलेली नाही. दळण महत्त्वाचं.

‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ ही म्हण मी एकदा इंग्रजीत न्यायचा प्रयत्न केला. आधी मुलगी आणावी लागली. मग तिला नाक, मग ते चपटं करणं, मग ते नाक तिच्याच चेहऱ्यावर आहे हे सांगायला एक शब्द. एवढं होईपर्यंत वाक्याचाच मुहूर्त टळून गेला. मराठीत हे सगळं तीन अक्षरांत आवरतं. आणि ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो’ याचं काय करणार? ‘द ओल्ड’ म्हटलं तर सगळे म्हातारे मेले. मग काळ सोकावायला उरतंय कोण?

हा फरक खरा कळतो तो साडीच्या दुकानात. लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याही दुकानात गादीवर बसलेल्या बाईचं बोलणं ऐका. “ती निळी काढा. ही नव्हे, तिच्याखालची. गडद नको, फिकी. काठांची नको, बिनकाठांची. नाही हो, इतकी महाग नको, जरा स्वस्तातली दाखवा.” अर्धा तास हे चालतं आणि साडी हा शब्द एकदाही येत नाही. ईकारान्त विशेषणांवर अख्खा व्यवहार होतो. मागच्या डिसेंबरात माझी अमेरिकेत वाढलेली भाची आमच्याबरोबर आली होती. तिला एक साडी आवडली. ती म्हणाली, “द ब्लू वन. नॉट दिस वन, द वन अंडर दॅट वन. द लायटर वन.” दाखवणारा मुलगा गोंधळला. तो म्हणाला, “वन वन काय ताई, दोन घ्या, डिस्काउंट देतो.”

त्या मुलाची चूक नाही. इंग्रजीला उभं राहायला हा ‘वन’ काठीसारखा लागतो. निळ्याला निळं म्हणून एकट्याने चालता येत नाही, हातात ‘वन’ द्यावा लागतो.

गंमत म्हणजे हे म्हातारपण इंग्रजीला जन्मापासून नव्हतं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचं जुनं इंग्रजी या बाबतीत आपल्यासारखंच धट्टंकट्टं होतं. तिथे विशेषणांना लिंग, वचन आणि विभक्तीचे प्रत्यय लागत. ‘से ब्लिंडा’ म्हटलं की तो आंधळा, एकटा, पुरुष. ‘सेओ ब्लिंडे’ म्हटलं की ती आंधळी. काठी नाही, गर्दी नाही. मग हे शेवटचे प्रत्यय झिजायला लागले. नॉर्मन लोक 1066 मध्ये इंग्लंडात उतरले त्याच्या आगेमागे ही झीज सुरू झालेली होती. 1400 मध्ये चॉसर वारला, तोवर विशेषणाच्या शेपटीला जेमतेम एक ‘ई’ उरला होता. पुढे तोही गेला. शेपूट गेल्यावर विशेषणाकडे बघून कळेना की हा एक आहे की अनेक, बाई आहे की बुवा. मग एकासाठी मॅन, वुमन, नाहीतर वन जोडायचा आणि अनेकांसाठी नुसता ‘द’, अशी वाटणी झाली. आपण मात्र सातवाहनांपासून किती परकीय आले-गेले तरी शेपूट धरून बसलो, याचा मला अभिमान वाटतो. मराठी माणसाने शेवटपर्यंत काहीतरी धरून ठेवलं असं हे एक उदाहरण तरी आहे.

तरीही इंग्रजीत एकट्याने, काठीशिवाय नाम होण्याच्या काही जागा आहेत. मी शोधल्या. एक म्हणजे तुमच्यावर गुन्ह्याचा आरोप व्हावा लागतो. ‘द अक्यूज्ड’ हा एकटा असू शकतो, त्याला अनेकवचनाची सक्ती नाही. दुसरी म्हणजे मरावं लागतं. ‘द डिसीज्ड’ही एकटा चालतो. तिसरी म्हणजे कोणाचं तरी तुमच्यावर प्रेम बसावं लागतं, मग तुम्ही त्याचे ‘बिलव्हेड’. आणि विमा उतरवलात तर ‘द इन्शुअर्ड’. म्हणजे एखाद्या साध्या, निरोगी, निर्दोष, अविवाहित माणसाला इंग्रजी नाम व्हायचं असेल तर आधी विमा एजंटाला फोन करणं हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग दिसतो.

यातल्या दुसऱ्या वाटेवर आमच्या घरात एकदा घोटाळा झाला. काका गेले, त्यानंतर काकूला घेऊन मी एका बँकेत गेलो होतो. खात्यावरचं नाव काढायचा फॉर्म इंग्रजीत होता. काकू जुनी सातवी, अक्षरं लावून इंग्रजी वाचते, आणि मी भरतो म्हटलं तर “मला काय हात नाहीत का?” म्हणते. मी पासबुक छापायला रांगेत गेलो, तेवढ्यात तिने फॉर्म भरून टाकला. ‘नेम ऑफ द डिसीज्ड’ या रकान्यात तिने लिहिलं होतं : मधुमेह. खाली ‘रिलेशनशिप विथ द डिसीज्ड’. तिथे : जुना, वीस वर्षांचा. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फॉर्म वाचला. काकू तिला म्हणाली, “बीपीपण होतं गं. जागा नाही उरली.”

त्या मुलीने नवा फॉर्म दिला. एका शब्दाने हसली नाही. तिचं मला आजही कौतुक वाटतं.

एकट्याने नाम व्हायची आणखी एक वाट आहे, ती इटलीतून येते. सेर्जिओ लिओनेच्या 1966 मधल्या सिनेमाला आपण ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ म्हणून ओळखतो. पिक्चर बघितला तर गुड एकच, बॅड एकच, अग्लीही एकच. सरांच्या नियमाने पडद्यावर निदान तीनशे माणसं हवी होती. पण मूळ नाव इटालियन, आणि इटालियनला आपल्यासारखी शेपटं आहेत, तिथे ‘इल बुओनो’ म्हणजे तो चांगला, एकटा. इंग्रजीने नाव उचललं, शेपूट मागे राहिलं. उलट व्हिक्टर ह्युगोची 1862 ची कादंबरी घ्या. ‘ले मिझेराब्ल’ हेही नुसतं विशेषणच, पण इंग्रजीत आणताना बहुतेकांनी नावाला हात न लावता ते फ्रेंचमध्येच राहू दिलं. एवढे दुःखी लोक एका शब्दात बसवायचे म्हणजे कोणीही घाबरेल.

फ्रेंचांचं निघालंच आहे तर देशांचं सांगतो, कारण इथे इंग्रजीने स्वतःच्याच माणसांवर केलेला अन्याय मला भारी आवडतो. इंडियन हा शब्द विशेषणही आहे आणि नामही. ‘ॲन इंडियन’ म्हटलं की झालं. रशियन, जर्मन, इटालियन, सगळे एकेकटे सुखाने राहतात. पण ‘इंग्लिश’? ‘द इंग्लिश’ म्हणजे अख्खा समाज. एकटा आला तर ‘ॲन इंग्लिश’ म्हणता येत नाही, ‘इंग्लिशमन’ म्हणावं लागतं. फ्रेंच, डच, आयरिश यांचीही तीच गत. ज्याच्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता, त्याला स्वतःच्या भाषेत एकट्याने नाम होता येत नाही, मागे ‘मॅन’ घेऊन हिंडावं लागतं. आणि आपण दीडशे वर्षं गुलामीत राहून बिनआधाराचे नाम. मराठीत मात्र ‘एक इंग्रज’ म्हटलेलं चालतं. आपण त्यांना त्यांच्यापेक्षा चांगलं वागवलं.

जानेवारी 2023 मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने आपल्या बातमीदारांना आणि वाचकांना एक सल्ला दिला. ‘द पुअर’, ‘द मेंटली इल’, ‘द डिसेबल्ड’ असं ‘द’ लावून माणसांचे गठ्ठे बांधू नका, त्याने माणूस मागे पडतो, असं त्यांचं म्हणणं. इथवर ठीक होतं. पण त्याच यादीत त्यांनी ‘द फ्रेंच’ही घातले. मग लोक तुटून पडले. फ्रेंच असण्याचा अनुभव घेणारी माणसं असं म्हणायचं का, असं कोणी विचारलं. अमेरिकेतल्या फ्रेंच वकिलातीने आपल्या ट्विटर खात्याचं नावच गमतीने बदलून ‘फ्रेंचपणाची वकिलात’ असं ठेवलं. वृत्तसंस्थेने ट्वीट काढून टाकलं आणि चूक कबूल केली.

हसून झाल्यावर मला वाटलं की फ्रेंच सोडले तर त्यांचा मुद्दा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं. आई म्हणायची, “लंगड्याकडून अर्धा किलो साखर आण.” आम्ही दुकानाला लंगड्याचं दुकान म्हणायचो, त्याच्या मुलाला लंगड्याचा मुलगा म्हणायचो, आणि उधारीच्या वहीवरही आईने तेच लिहिलं होतं. त्या माणसाचं नाव मला तो गेल्यावर नाक्यावरच्या भावपूर्ण श्रद्धांजलीच्या फलकावर कळलं. तीस वर्षं त्याची साखर खाऊन. विशेषणाला शेपूट असलं तरी ते माणूस गिळतंच. मी फलकापुढे थोडा वेळ उभा राहिलो आणि मग दूध घेऊन घरी आलो.

तर व्याकरण. आमच्या पिढीचं इंग्रजी ज्या जाडजूड पुस्तकावर पोसलं, ते रेन आणि मार्टिनचं. त्यात हा विषय एका छोट्या प्रकरणात आहे, सरांनी तो तिथूनच घेतला असणार. हे पी. सी. रेन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याच मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. त्यांनी कादंबऱ्याही लिहिल्या, त्यातली 1924 ची फ्रेंच फॉरिन लीजनवरची कादंबरी तुफान खपली. तिचं नाव ‘बो जेस्ट’. ‘बो’ हे फ्रेंच विशेषण, अर्थ सुंदर. कादंबरीत थोरल्या भावाचं खरं नाव मायकेल, पण घरात सगळे त्याला ‘बो’च म्हणतात. म्हणजे लाखो मुलांना विशेषण एकटं सोडू नका म्हणून शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या नायकाला नुसत्या विशेषणावर वाळवंटात पाठवलं. सरांना हे माहीत असतं तर आमचे दोन-चार मार वाचले असते.

आणि तो लीजनमध्ये गेला याचंही मला नवल वाटत नाही, कारण सैन्य म्हणजे विशेषणांचीच पलटण. जनरल हा मुळात ‘कॅप्टन जनरल’, त्यातला कॅप्टन गळाला आणि ‘सर्वसाधारण’ एवढंच शिल्लक राहिलं. मेजर हा मुळात ‘सार्जंट मेजर’, म्हणजे नुसताच ‘मोठा’. सगळ्यात खाली प्रायव्हेट, ‘खासगी’. सर्वसाधारण वर, मोठा मध्ये आणि खासगी खंदकात.

इंग्रजीने इतके नियम घातले, त्याचा सूड मराठी माणसाने मोठ्या थंडपणे घेतला. आपण त्यांची विशेषणं घेतली आणि त्यांच्या नामांना स्टेशनावरच सोडून दिलं. ‘लोकल ट्रेन’मधली ट्रेन कोणी काढून टाकली कोणास ठाऊक, पण आज मुंबईत कोणी लोकल ट्रेन म्हणालं तर तो बाहेरचा म्हणून ओळखला जातो. एका परिचिताने लंडनमध्ये साहेबाला सांगितलं की तीस वर्षं मी रोज सकाळी सव्वासातला न चुकता लोकलला जायचो, फार गर्दी असायची, लोंबकळायचो. साहेबाचे डोळे विस्फारले. इंग्लंडात ‘माय लोकल’ म्हणजे घराजवळचा गुत्ता.

लोकलमध्येही ‘स्लो’ आणि ‘फास्ट’. 2005 मध्ये निशिकांत कामत यांच्या सिनेमाचं नावच होतं ‘डोंबिवली फास्ट’. फास्ट काय, असं तिकीटबारीवर कोणी विचारलं नाही. लांबच्या गाडीला ‘जनरल’. जनरलमधून उभ्याने आलो असं कोणी म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कॅप्टन येत नाही, संडासाच्या दारात उभी केलेली बॅग येते.

पण सगळ्यात मोठी कर्तबगारी ‘मेडिकल’ची. शेजाऱ्यांचा मुलगा मेडिकलला लागला म्हणजे पेढे. मेडिकलमधून क्रोसिन आण म्हणजे कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. भाऊसाहेबांनी मेडिकल टाकली म्हणजे रजा, बहुतेक वेळा भाच्याच्या लग्नासाठी. आणि पोलीस भरतीत पोरगा धावला चांगला पण मेडिकलला गेला म्हणजे सगळंच गेलं. इथे सरांनी ‘मेडिकल काय?’ विचारलं तर चार उत्तरं आहेत आणि प्रत्येकाचं लिंगही सारखं नाही : दुकान ते मेडिकल, रजा ती मेडिकल. ‘सिव्हिल’चं तर विचारू नका. नातू सिव्हिलला गेला म्हटलं तर अभिनंदन करायचं की डबा घेऊन धावायचं हे आवाजावरून ठरवावं लागतं. सिव्हिल इंजिनिअरिंग असेल तर पेढे, सिव्हिल हॉस्पिटल असेल तर शहाळं.

बाळंतपणाच्या बातमीतही विशेषणच पुढे. “नॉर्मल झाली ना?” “नाही हो, सीझर झालं.” सीझर हे ‘सिझेरियन’ या विशेषणाचं आणखी कापलेलं रूप. त्यामुळे गेल्या पिढीभरात महाराष्ट्रात जितके सीझर झाले तितके रोमच्या अख्ख्या इतिहासात नसतील. 2020 मध्ये टीव्हीवर ‘न्यू नॉर्मल’, ‘न्यू नॉर्मल’ सुरू झालं तेव्हा काकूने विचारलं होतं, “त्यात टाके पडतात का?”

आणि ‘फॉरेन’. मूळ इंग्रजीत हा शब्द एकट्याने कुठे जात नाही. आपल्याकडे तो देश आहे. मुलगा फॉरेनला असतो. फॉरेनला कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारलाच पाहिजे असं नाही. या देशाला नकाशा नाही, राजधानी नाही, पण तिथून चॉकलेटं येतात.

हे आपण परक्या विशेषणांचं केलं, कारण घरच्यांचंही तेच करायची सवय. कोल्हापुरात पंगतीत वाढप्याला ‘रस्सा’ म्हणावं लागत नाही. “तांबडा आण” आणि “पांढरा आण”, एवढ्यावर माणूस तृप्त होतो. गोड हे विशेषण, पण “गोड काय केलंय?” याचं उत्तर श्रीखंड. तिखट हे विशेषण, पण ते मिसळणाच्या डब्यात राहतं. पाहुण्याला “थंड घेणार का?” विचारलं की तो हो म्हणतो, कुठलं थंड ते बाटली आल्यावर बघतो. साडीच्या दुकानातली पैठणी आणि नऊवारी हीसुद्धा मुळात विशेषणंच, साडी त्यांनीही केव्हाची फेडून टाकली. मी हे जिथे लिहितो आहे तेही एक मासिक. मासिक काय, असं संपादकांनी अजून विचारलेलं नाही.

इंग्रजी आता स्वतःच सैल पडलं आहे, हेही सांगायला हवं. हिंजवडीला नोकरी करणारा माझा पुतण्या रात्री अकराला फोनवर ‘डिलिव्हरेबल्स’ मोजत असतो. डिलिव्हर करण्याजोगं काय, ते त्याच्या साहेबालाही माहीत नसावं. हिशेबवाले ‘रिसिव्हेबल्स’ आणि ‘पेएबल्स’ म्हणतात, जाहिरातवाले स्वतःलाच ‘क्रिएटिव्ह’ म्हणवतात. ॲपल कंपनीने 1997 मध्ये ‘थिंक डिफरंट’ अशी जाहिरात काढली, तेव्हा व्याकरणवाले ‘डिफरंटली’ हवं म्हणून ओरडले. वॉल्टर आयझॅकसनने लिहिलेल्या चरित्रात स्टीव्ह जॉब्जचं कारण दिलं आहे : त्याला ते क्रियाविशेषण नको होतं, ‘डिफरंट’ हे नामच हवं होतं. आठवीत मी नेमकं हेच म्हणत होतो. त्याने कंपनी उभी केली, मला लाल कुंपण मिळालं.

सर पुढे प्रिन्सिपल म्हणून निवृत्त झाले. प्रिन्सिपल हेही मुळात विशेषण, ‘मुख्य’, त्यामागचा मास्तर कधीचाच गळाला. पण ती गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, कारण मध्ये चाळीस वर्षं आमची गाठच पडली नाही. गेल्या पावसाळ्यात दादरच्या पुलावर पडली. छत्री तीच, उंची थोडी कमी. मी वाकून नमस्कार केला, नाव सांगितलं. त्यांना नाव आठवलं नाही, पण दाराशी आलेला गरीब आठवला.

“इकडे कुठे, सर?”

“मुलगा डोंबिवलीला असतो. आत्ता फास्टनेच आलो. स्लोला चढायलाच मिळालं नाही.”

चाळीस वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो हे मला त्या क्षणी कळलं. मागून लोक ढकलत होते, वरून गळत होतं, आणि मी शक्य तितक्या नम्रपणे विचारलं,

“फास्ट काय, सर?”

सर थांबले. त्यांच्यामुळे पूल थांबला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, खडू ठेवताना पाहायचे तसं, आणि म्हणाले,

“गाढवा.”

हे नाम होतं, पण वापरलं होतं विशेषणासारखं. तो धडा आम्हाला आठवीतच पुढच्या पानावर होता.